चाकणच्या वेशीवर पहारा कुणाचा?

पिंपरी-चिंचवडमध्ये 'बाहेरचा' कोण हे ठरवायचं, तर आधी तारीख ठरवावी लागते. १९४७ची धरली, तर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चिखली या गावांतली जुनी घराणी सोडून जवळजवळ अख्खं शहर बाहेरचं निघेल. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग कारखान्यांची रांग लागली. सातारा, सांगली, नगर, सोलापूरकडची माणसं आली, मागोमाग कोकणातली, खानदेशातली. केरळ, कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेश नंतरचे. १९९१च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साधारण सव्वापाच लाख लोक होते, २००१मध्ये दहा लाख, २०११मध्ये सव्वासतरा लाख. एवढी भर पाळण्यांतून पडत नाही.

या कामगारांच्याही आधी इथे आलेले लोक तर परदेशातून आले होते. पिंपरी कॅम्प ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. आज तिथे कपड्यांची आणि फर्निचरची बाजारपेठ आहे. पण तिथल्या आजोबांच्या पिढीचं भारतीयत्व एका तारखेवर ठरलं होतं. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार पाकिस्तानातून आलेला माणूस १९ जुलै १९४८च्या आधी पोचला असेल आणि तेव्हापासून इथेच राहत असेल, तर तो आपोआप नागरिक. नंतर आला, तर अर्ज, सहा महिन्यांचा रहिवास आणि सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदणी. ती तारीखही दिल्लीत ठरली होती, कारण त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना लागू झाला. छावणीसाठी जागा, पाणी, रोजगार मात्र इथे शोधायचा होता.

दिल्लीने दार उघडायचं आणि पाणी गावाने द्यायचं, ही विभागणी या पट्ट्याला तेव्हापासूनची आहे. स्थलांतराचा कायदा देशाने करावा की स्थानिकांनी, हा वाद जगभर चालतो. पिंपरी ते चाकण या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात कागदावर तो वाद मिटलेला आहे. प्रत्यक्षात तो रोज सकाळी नव्याने सुरू होतो.

कागद आधी पाहू. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतला सतरावा विषय नागरिकत्व आणि परकीय नागरिक, एकोणिसावा देशात प्रवेश, हकालपट्टी, पासपोर्ट आणि व्हिसा. एक्याऐंशीवा विषय कमी लोकांच्या लक्षात असतो: आंतरराज्य स्थलांतर. म्हणजे बांगलादेशातून चाकणला येणारा माणूस हा केंद्राचा विषय आहेच, पण बिहारमधून येणाऱ्याबद्दलही कायदा करायचा झाला तर तो संसदेने करायचा. शिवाय एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य दिलंय. महाराष्ट्र सरकारला, पिंपरी-चिंचवड महापालिकेला किंवा चाकणजवळच्या कुरुळी ग्रामपंचायतीला वेशीवर उभं राहून कुणाला परत पाठवण्याचा अधिकार नाही.

अपवाद एकच, आणि तो अस्सल मुंबई इलाख्याचा: तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार भारतीय नागरिकालाही जिल्ह्याबाहेर घालवता येतं. १९५२मध्ये गुरबचन सिंग विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच्या मुंबई शहर पोलीस कायद्यातली अशीच तरतूद वैध ठरवली. त्या माणसाला बृहन्मुंबई सोडून अमृतसरला जाण्याचा हुकूम झाला होता. पण तडीपारी माणसाच्या वागण्यावर लागते, तो कुठला आहे यावर नाही. निदान कायद्याचं तसं म्हणणं आहे.

आता व्यवहार. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथे खोली शोधणाऱ्या मुलाला दिल्लीचा अधिकारी कधी भेटत नाही. त्याला भेटतो खोलीमालक. एमआयडीसीत जमीन गेल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर त्याने दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ बांधलेली असते. पाळ्या वेगवेगळ्या असल्या की एकाच खोलीत दिवसाचे आणि रात्रीचे असे दोन संच झोपतात. मालक आधार कार्ड घेतो आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतो, कारण पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असतो आणि तो मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो. भाडेकरू परदेशी असेल, तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवण्याचं ओझंही मालकावरच. माणूस कुठला, कागद खरे की खोटे, याची पहिली छाननी अशा रीतीने ज्वारी-कांदा पिकवणाऱ्या घरातल्या, त्यासाठी कोणतंही प्रशिक्षण न मिळालेल्या माणसावर येऊन पडली आहे.

दुसरी छाननी पोलीस चौकीत होते. परकीयांना देशाबाहेर काढण्याचा अधिकार केंद्राचा, पण १९५८मध्येच अनुच्छेद २५८ वापरून केंद्राने तो राज्य सरकारांकडे सोपवला. १ सप्टेंबर २०२५पासून १९४६चा परकीय नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे तीन जुने कायदे जाऊन नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या कायद्यात त्या माणसावरच होती, नव्यातही तशीच आहे. हे वाक्य बंगाली बोलणाऱ्या गवंड्याच्या कानांनी ऐकून पाहावं. मुर्शिदाबादचा मजूर आणि राजशाहीचा मजूर एकाच भाषेत बोलतात, नावंही सारखी असतात. फरक कागदाचा, आणि तो कागद शेकडो कोसांवरच्या पंचायतीत.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०२५मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलण्यात आलं. पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. देश एक, कायदा एक. पण एका राज्याच्या पोलिसांनी ज्याला परका ठरवलं, त्याला दुसऱ्या राज्याच्या सरकारने आपला म्हणून सोडवून आणलं. खोट्या कागदांवर राहणारे बांगलादेशी या पट्ट्यात सापडत नाहीत असंही नाही. पोलीस कारवायांत ते अधूनमधून सापडतात. प्रश्न त्यांच्याबरोबर आणखी कोण ओढलं जातं, हा आहे.

नागरिकत्व देण्याच्या बाजूनेही गंमत आहे. डिसेंबर २०१६मध्ये केंद्राने देशातल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार दिला. त्यात पुणे होतं. सिंधमधून उशिरा आलेली, वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेली कुटुंबं त्यामुळे आपल्याच जिल्ह्यात अर्ज करू शकली. मग २०१९चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला आणि काही राज्यांनी अंमलबजावणीला नकार दिला. मार्च २०२४च्या नियमांत केंद्राने जिल्हाधिकाऱ्याला बाजूलाच ठेवलं. त्या कायद्याखालच्या अर्जाची जिल्हास्तरावर छाननी करणाऱ्या समितीचा प्रमुख कोण, तर टपाल खात्याचा अधीक्षक! टपाल खातं केंद्राचं, तिथे राज्याचं काही चालत नाही. राज्याने हात आखडता घेतला तर केंद्राला पोस्टमन शोधावा लागतो, एवढं केंद्र जमिनीवर परावलंबी आहे.

स्थानिक सत्तेला दार लावता येत नाही. मग ती तिच्या हातात असलेले इतर कायदे दारासारखे वापरते. कुदळवाडी हे त्याचं या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण.

चिखलीतल्या कुदळवाडीत कित्येक वर्षं भंगाराची गोदामं आणि लघुउद्योगांच्या पत्र्याच्या शेड होत्या. भंगाराच्या धंद्यात उत्तर प्रदेशातून आलेले बरेच, जमिनी बहुतांशी स्थानिकांच्या, भाडं स्थानिकांच्या घरात. आगी वारंवार लागायच्या, धूर सगळ्या परिसराने गिळला, इंद्रायणीच्या प्रदूषणाची तक्रार जुनी. ८ फेब्रुवारी २०२५पासून महापालिकेने तिथे बुलडोझर लावले आणि आठवडाभरात चार हजारांहून अधिक बांधकामं जमीनदोस्त झाली. महापालिकेच्या कागदांवर कारण होतं विनापरवाना बांधकाम. त्याच काळात राजकीय भाषणांत कारण वेगळं होतं: तिथे बांगलादेशी आणि रोहिंगे लपले आहेत. जेसीबीला अर्थातच नागरिकत्व कळत नाही. त्यात परदेशी म्हणून किती सापडले असते ते कायद्याने तपासता आलं असतं. पाडापाडीने ती तपासणी अशक्य करून टाकली, कारण माणसं पांगली. शेडमध्ये यंत्रं टाकून बसलेल्या लघुउद्योजकांचंही त्यात पार कंबरडं मोडलं.

बांधकामं बेकायदा होती, हे मी नाकारत नाही. मला टोचते ती दुसरी गोष्ट. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ला झाली. कुदळवाडीचा निर्णय झाला तेव्हा शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता, कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. 'स्थानिकांची इच्छा' हा शब्दप्रयोग त्या काळात ज्यांनी ज्यांनी केला, त्यांना ही इच्छा कुठल्या सभागृहात नोंदवली गेली हे विचारायला हवं होतं.

नोकरीचा प्रश्न अधिक जुना, आणि त्यात स्थानिकांची बाजूही अधिक खरी. महाराष्ट्राचं स्थानिकांना प्राधान्य देण्याचं धोरण १९६८पासूनचं आहे. नोव्हेंबर २००८च्या शासन निर्णयाने उद्योगांत पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक असावेत असं सांगितलं. स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. इथेही पुन्हा तारीखच: जमिनीवर आखता न येणारी वेस कॅलेंडरवर आखायची. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५, मग २०००, मग २०११ या तारखांनी तेच केलं.

कागदावर हा निर्णय बहुतेक कारखाने पाळतात. कायम कामगारांची यादी काढली तर आकडा जुळतो. पण असेंब्ली लाइनवर उभे असलेले बहुसंख्य हात त्या यादीत नसतातच. ते ठेकेदाराचे असतात, किंवा शिकाऊ म्हणून आलेले. शासन निर्णय गेटच्या आतल्या मस्टरपर्यंत पोचतो, ठेकेदाराच्या वहीपर्यंत नाही. त्या वहीत नावं कुठून येतात हे चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी उभं राहिलं की दिसतं. शिवाय या टक्क्यांचा चाकणच्या पोराला फारसा उपयोगही नाही. पंधरा वर्षांच्या अटीत लातूर, बीड, नांदेड, यवतमाळहून आलेली आयटीआयची मुलं सहज बसतात. कायद्याने तीही स्थानिकच. गावकी त्यांनाही बाहेरचंच म्हणते. आणि उद्योगांची कुजबुज अशी की जवळच्या गावचा मुलगा नकोच: तो युनियन करतो, सणाला सुट्टी घेतो, त्याच्यामागे पुढारी असतो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच मुलांना गेटवर हे ऐकून घ्यावं लागतं. परप्रांतीय या शब्दामागे जो राग आहे, त्यातला बराचसा मुळात या अपमानाचा आहे. तो कारखानदारावर काढणं अवघड, म्हणून खोलीतल्या भाडेकरूवर निघतो.

हरियाणाने यावर कायदाच केला: महिना तीस हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक. नोव्हेंबर २०२३मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकने जुलै २०२४मध्ये तसंच विधेयक मंत्रिमंडळात मंजूर केलं आणि दोन दिवसांत गुंडाळून ठेवलं. आपल्याकडे २०१४मध्ये चारू खुराणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या सिनेरंगभूषाकारांच्या संघटनेची पाच वर्षांच्या रहिवासाची अट रद्द केली होती. दिशा स्पष्ट आहे. तरीही दर निवडणुकीत ८० टक्क्यांच्या कायद्याची घोषणा होते, कारण घोषणेला न्यायालयात आव्हान देता येत नाही.

करोनात या घोषणेची एकदा परीक्षा झाली. मे २०२०मध्ये श्रमिक रेल्वेगाड्यांनी लाखो मजूर गावी गेले, जागा रिकाम्या पडल्या. ६ जुलै २०२०ला राज्याने स्थानिकांसाठी महाजॉब्स हे संकेतस्थळ सुरू केलं, अधिवास प्रमाणपत्राची अट घालून. याहून चांगली संधी येणार नव्हती. पण टाळेबंदी सैलावताच ठेकेदार पुन्हा बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजूर आणायला लागले, कारण बारा तास उभं राहून ठेकेदारीच्या पगारात, दहा बाय दहात राहायला तयार असलेला माणूसच त्यांना हवा होता. स्थानिक मुलगा त्या पगारात येत नाही, आणि त्याने यावंही का?

मग स्थानिकांना अधिकार देऊन पाहिले तर? मुळशी तालुक्यात २०२५मध्ये पिरंगुट, घोटवडे अशा काही गावांच्या ग्रामपंचायतींनी बाहेरच्या मुसलमानांनी गावातल्या मशिदीत नमाजाला येऊ नये असे ठराव केले. एमआयडीसीतले कामगारच या ठरावांचं लक्ष्य होते. ग्रामपंचायत कायदा असा कोणताही अधिकार देत नाही. पण ठराव, फलक आणि दहशत यांना कायदा लागत नाही.

या वाटेवर आपल्याहून खूप पुढे जाऊन परत आलेला देश आहे: स्वित्झर्लंड. तिथे नागरिकत्व गावाकडून सुरू होतं. लुझर्नजवळच्या एमेन या औद्योगिक गावाने मार्च २०००मध्ये नागरिकत्वाच्या अर्जांवर थेट मतदान घेतलं. छप्पन्न अर्जदारांची माहिती घरोघरी वाटली गेली. पास झाले आठ, सगळे इटालियन. नापास झालेल्यांत बहुतेक बाल्कन देशांतले. २००३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी मतपेटी बंद केली: नकार द्यायचा तर कारण द्या, आणि मतपेटी कारण सांगत नाही. एमेन आणि पिरंगुट यांत हजारो मैल आहेत, पण दोन्हीकडे शेजाऱ्याला शेजाऱ्याचा न्यायाधीश केला गेला.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सगळं दिल्लीकडेच असू द्या. तसंही सोपं नाही. १५ जून २०२०ला महाराष्ट्राने ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीशी करार केला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ती घेणार होती, गुंतवणूक ३,७७० कोटींची. त्याच रात्री गलवानमध्ये वीस जवान हुतात्मा झाले. चिनी गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी त्याआधीच, एप्रिलमध्ये, सक्तीची झाली होती. ती मिळाली नाही, चिनी तंत्रज्ञांचे व्हिसाही आवळले गेले. कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२०मध्ये थांबलं. अखेर जानेवारी २०२४मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. सीमेवर जवान पडले असताना केंद्राने दुसरं काही करावं असं मी म्हणणार नाही. अशा निर्णयांसाठीच हा विषय देशाकडे असावा लागतो. पण त्याची किंमत मावळातल्या कायम कामगारांनी मोजली, आणि ती मोजताना त्यांना कुणी विचारलं नाही.

मला यातून जी मांडणी पटते ती अशी. कुणी यावं हे देशानेच ठरवावं. ग्रामसभेने, आमदाराने, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने ते ठरवू नये. पण आलेल्या माणसाचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो, त्या गावाला पैसा आणि मोजणी या दोन गोष्टी हक्काने मिळाल्या पाहिजेत. कॅनडात क्विबेक प्रांत १९९१च्या करारानुसार आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतो, व्हिसा केंद्र देतं, आणि नवागतांना फ्रेंच शिकवून सामावून घेण्यासाठी ओटावा दरवर्षी प्रांताला पैसे मोजतं. निवडीचा भाग आपल्या घटनेत बसणार नाही. पैशाचा भाग न बसायला काही कारण नाही.

निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे ही गावं बघा. फोक्सवॅगन, बजाज, महिंद्र, मर्सिडीज यांच्या भिंतींना लागून वसलेल्या ग्रामपंचायती. कचरा उचलायला एखादी घंटागाडी, पाणी टँकरचं, रस्त्यावर कंटेनरची रांग, अंगणवाडीत हिंदी आणि ओडिया बोलणारी पोरं. २०११च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. त्यानंतर मोजणी झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. तोवर रेशनचा कोटा, वित्त आयोगाचा निधी, सगळं पंधरा वर्षांपूर्वीच्या चाकणला मिळतंय. ऑगस्ट २०२५मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहाटे चाकणच्या कोंडीची पाहणी केली आणि या भागासाठी महापालिका हवी असं सांगितलं. महापालिका झाली तरी ती किती माणसांची, हे आधी कळायला हवं.

मोजण्याचा कायदा आपल्याकडे होता. ओडिशातल्या 'दादन' मजुरांच्या पिळवणुकीतून १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना, प्रत्येक मजुराला पासबुक, पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता, प्रवासखर्च. याची नीट अंमलबजावणी झाली असती, तर २०२०मध्ये रस्त्यावर चालत निघालेला माणूस कुणाचा, हा प्रश्न पडला नसता. प्रत्यक्षात ठेकेदारांनी तो 'मजूर स्वतःहून आला' या एका वाक्यात बुडवला. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता स्वतःहून आलेलाही व्याख्येत आहे, हे चांगलं. पण किमान मजूर पाचाचे दहा झाले आणि विस्थापन भत्ता गेला. उद्योगांच्या सोयीसाठी गेला असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मोजणीचा शेवटचा भाग मतदारयादीचा. बिहारमध्ये २०२५च्या विशेष पुनरीक्षणात १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. त्यातली जवळपास ३६ लाख 'कायमचे स्थलांतरित किंवा आढळले नाहीत' या रकान्यातली. कायदा म्हणतो, जिथे सामान्यतः राहता तिथे नाव नोंदवा. म्हणजे निघोज्याच्या चाळीत पाच वर्षं राहणाऱ्या मुलाने इथे नाव लावावं. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, पुराव्यासाठी भाडेकरार लागतो, आणि करार करून द्यायला मालक तयार नसतो, कारण करार म्हणजे हक्क, हक्क म्हणजे उद्या कोर्ट. पोलिसांच्या नोंदीसाठी मात्र तोच मालक त्याच मुलाचा फोटो, आधार आणि मूळ गावचा पत्ता देऊन आलेला असतो. त्यामुळे बिहारमधल्या सिवानच्या यादीत तो स्थलांतरित म्हणून नाही, इथल्या खेडच्या यादीत बाहेरचा म्हणून नाही, आणि त्याचं नाव असलेली एकमेव सरकारी यादी म्हाळुंगेच्या पोलीस ठाण्यात आहे.